कढईच्या कानाला लाल फीत

१२ जानेवारी

ही डायरी पेंडीच्या दुकानदाराने क्रिसोला नव्या वर्षाची भेट म्हणून दिली. माझ्या नवऱ्याला लिहायचा कंटाळा आणि त्याच्या शेळ्यांना वाचायचा, म्हणून ती माझ्याकडे आली. मला मात्र लिहायला पुष्कळ आहे.

आज माझी स्वतःची पहिली कढई चढली. इतकी वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात दुसऱ्याची काहेता, म्हणजे आमची आटीव दुधाची मिठाई, ढवळली. आमच्या सेलाया गावात ज्याच्या घरी चार शेळ्या आहेत तो काहेता करतो, तेव्हा आणखी एकीने चूल मांडली म्हणून गावात कुणी ढोल वाजवणार नव्हतं. तरी सकाळपासून मी कढई चारदा पुसली. शेळीचं दूध, साखर, दालचिनीची काडी, चिमूटभर सोडा. यात लपवण्यासारखं काही नाही. दूध चाखायचं काम माझं. किंचित आंबूस लागलं तर सोडा वाढवायचा, नाहीतर आटता आटता फाटतं. ढवळायचं काम इमेल्दाचं. माझी ही सून दिवसात चार वाक्यं बोलली तर खूप, पण लाकडी पळा तिच्या हातात दिला की दूध तिचं ऐकतं. माझं कधी ऐकलं नाही. नवरासुद्धा ऐकत नाही.

क्रिसोची निन्फाआत्या खुर्ची टाकून देखरेखीला बसली होती. म्हणे ही मिठाई मठातल्या बायकांनी काढली, शेळ्या पाद्र्यांनी आणल्या, लाकडाच्या छोट्या डब्यांत भरायचे म्हणून डब्याचंच नाव मिठाईला पडलं.

क्रिसो म्हणाला, "म्हणजे शेळी बाहेरची, साखर बाहेरची, दालचिनी तर समुद्रापलीकडची. आपलं काय मग?"

"आपलं मनगट," आत्या म्हणाली.

"आणि आपली भूक," असं म्हणून एवोदिओने पळा चाटला आणि बायकोचा फटका खाल्ला. माझा मुलगा चोवीस वर्षांचा झाला, अजून पळा चाटतो. संध्याकाळच्या गाडीला त्याने स्टेशनवर टोपली रिकामी केली. मी आनंदाने रडले. हल्ली रडू फार लवकर येतं.

२१ जानेवारी

फाटली. अख्खी कढई. तळ दिसायला अजून अर्धा वेळ होता आणि दुधाच्या गुठळ्या झाल्या, पनीर वेगळं, पाणी वेगळं. डुकरांनासुद्धा ते आवडलं नाही.

दोष क्रिसोचा आहे. बोकड शेळ्यांच्या जवळ बांधला की दुधाला वास धरतो, हे त्याला शंभरदा सांगितलंय. गेले काही दिवस तो वास मला सहन होत नाही. बादली अंगणात आली की पोटात ढवळतं. आज मी दूध चाखलंसुद्धा नाही. कशाला चाखायचं, वासावरूनच कळतं की कसं आहे ते.

"अगं, मला कसलाच वास येत नाही," क्रिसो म्हणतो.

"तुला कसा येईल? तू आणि बोकड एकाच गोठ्यातले."

२४ जानेवारी

पुन्हा फाटली.

२५ जानेवारी

बोकड गावाबाहेर मेव्हण्याकडे नेऊन बांधला. बिचारा रात्रभर ओरडला म्हणतात. मला त्याची दया आली आणि परत रडू आलं. बोकडासाठी! इमेल्दा माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "काय बघतेस?" म्हणाली, "काही नाही, आई." आणि माझ्या हातातली लाकडाची मोळी काढून घेतली. मी काय म्हातारी झाले?

झाले म्हणायची. पाळी गेली. दोन महिने होऊन गेले, काही नाही. त्रेचाळीस म्हणजे जरा लवकर, पण माझ्या आईचंही असंच झालं होतं. बरं झालं, सुटले.

२ फेब्रुवारी

कंदेलारिया. आज बाळ येशूच्या बाहुल्या नवे कपडे घालून देवळात नेतात. शेजारच्या घरचा बाळ या वर्षी इमेल्दाच्या हाती दिला होता, कपडे तिने शिवले. पांढरा झगा, गळ्याशी बारीक टाके, पायांत माझ्या अंगठ्याएवढे बूट. टोपलीत घालून तिने तो असा धरला होता, की लोक वाट देत होते. लग्नाला चार वर्षं झाली. तिचा झाडपाल्याचा काढा पिऊन झाला, नवस करून झाले, सान हुआनच्या यात्रेला पायी जाऊन झालं. मी वर बघून म्हटलं, आता बास कर परीक्षा, त्या पोरीच्या पदरात काहीतरी टाक.

घरी सगळ्यांनी तमाले, मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे, खाल्ले. मला ते नको वाटले. त्याऐवजी ओल्या मातीच्या पेल्याचा वास इतका गोड लागला, की मी पाणी पिऊन झाल्यावरही पेल्याची कड चाटत बसले. नवीन भट्टीचे पेले आहेत, चांगले भाजले नसतील. इमेल्दा समोरच होती. तिने जेवण अर्धं टाकलं आणि भांडी घासायला उठली.

९ फेब्रुवारी

चौथी कढई गेली. दुसरा कुणी असता तर कढई विकून मोकळा झाला असता. जत्रा तोंडावर आहे आणि एवोदिओ रिकाम्या टोपलीवर फडकं घालून फिरतो, लोकांना वाटावं माल संपला. मला झोप नाही. बसले तर उठावंसं वाटतं, उठले तर बसावंसं. हातातलं काम टाकून अंगणात जाते आणि कशाला आले ते आठवत नाही.

आज निन्फाआत्याने निकाल दिला. तिने फाटलेल्या दुधात बोट घातलं, चाखलं, सगळ्यांकडे एकेक करून बघितलं आणि म्हणाली, "या घरात कुणीतरी पोटुशी आहे आणि लपवतेय."

हे मला आधी कसं सुचलं नाही! माझ्या आईच्या चुलीवर तमाले कच्चे राहिले की ती हेच म्हणायची. पोटातलं मूल हावरट असतं, त्याला विचारल्याशिवाय गोड शिजवलं की ते रुसतं. उपायही सगळ्यांना ठाऊक आहे. जी आहे तिने स्वतःच्या हाताने कढईच्या कानाला लाल फीत बांधायची. मुलाचा मान ठेवला की दूध आटतं.

घरात बायका तीन. आत्या सत्तरीची. मी सुटलेली. राहिलं कोण?

माझ्या अंगावर काटा आला. चार वर्षांनी! तीन महिने होईपर्यंत सांगायचं नाही, नजर लागते, म्हणून गप्प आहे माझी गुणी पोर. म्हणूनच परवा जेवण टाकून उठली. सगळं जुळतंय.

१० फेब्रुवारी

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

मी बाजारातून लाल फीत आणली, रुंद, चकचकीत, चांगल्यातली. इमेल्दा चुलीपाशी होती. आत्या होती, शेजारीण उसनी साखर न्यायला आली होती. कुणी नसताना बोलायला हवं होतं, पण माझ्या तोंडात तीळ भिजेल तर ना.

मी तिला मिठीच मारली. म्हटलं, "लपवू नकोस गं आता. दूधच चुगली करतंय."

तिला कळेना. मग कळलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"नाही, आई. माझं काही नाही."

"अगं, आम्ही कुणाला सांगणार आहोत?" शेजारणीसमोर मी हे म्हणत होते. "ही घे फीत. बांध आणि मोकळी हो."

"मी नाही बांधणार."

आत्या म्हणाली, "पोरी, हट्ट करू नये. मुलाला लाजलीस तर मूल तुला लाजतं."

इमेल्दाने पळा कढईवर आडवा ठेवला. दिवसाची चार वाक्यं तिने एकदम वापरली. "मी खोटं बोलत नाही. चार वर्षांत एकदाही बोलले नाही. दर महिन्याला तुम्ही विचारता, दर महिन्याला मी नाही म्हणते. जिची फीत आहे तिने बांधावी."

"मग काय मी बांधू?" मी चिडून म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं. कसं बघितलं ते मला लिहिता येत नाही. "बांधा," ती म्हणाली.

मला राग आला होता, हसूही येत होतं. मी कमरेला झोक देऊन नाटकात नाचतात तशी नाचत गेले आणि कढईच्या कानाला फीत बांधली, वर गाठ, वर फुलपाखरू. शेजारीण पोट धरून हसली. मागे वळून बघितलं तर इमेल्दा आत गेलेली. दुपारच्या बसने ती साल्वातिएर्राला माहेरी गेली. एवोदिओ स्टेशनवर होता, त्याला शेजारणीने सांगितलं.

११ फेब्रुवारी

झाली! काहेता झाली! चार फाटल्यानंतर अशी झाली की आरशासारखी चमकते. वास नको म्हणून मी नाकाला रुमाल बांधला होता, त्यामुळे दूध क्रिसोनेच चाखलं, सोडाही त्यानेच घातला. ढवळलं मी. खांदे भरून आले आहेत, पण झाली.

याहून स्पष्ट पुरावा काय हवा? ती गेली आणि दूध सुधारलं. म्हणजे होतीच. माझ्यावर डोळे वटारून गेली, पण चुलीने सत्य सांगितलं. आता राग गेला की येईल आणि कबूल करील. मी तिला काही बोलणार नाही. जिंकलेल्या माणसाने गप्प बसावं.

२० फेब्रुवारी

रोज कढई, रोज चांगली. क्रिसो चाखतो, मी ढवळते. एवोदिओ बोलत नाही. सकाळी टोपली उचलतो, संध्याकाळी ठेवतो. काल रविवारी साल्वातिएर्राला जाऊन आला.

मी विचारलं, "कशी आहे? पोट दिसतं का?"

त्याने माझ्याकडे जसं पाहिलं, तसं लहानपणी मी त्याला मारलं तेव्हाही पाहिलं नव्हतं. "आई, तिला कालच पाळी आली," तो म्हणाला. "स्वतःच्या आईला असल्या गोष्टी सांगायची वेळ आली माझ्यावर."

१ मार्च

एवोदिओ चालला. साल्वातिएर्राच्या कापडगिरणीत माणसं घेतायत म्हणे. इस्टर झाला की तिकडेच राहायचं. बायको इथे यायला तयार नाही आणि तो तिला सोडायला तयार नाही. "तू कढई जप," मला म्हणाला.

एकच मुलगा. त्याच्यानंतर झालं नाही, मीही चार वर्षं नव्हे, बारा वर्षं वाट बघितली आणि मग सोडून दिली. सासू दर महिन्याला विचारायची. आज हे लिहिताना आठवलं, इतक्या वर्षांत आठवलं नव्हतं.

पण मग दूध का फाटत होतं? ती गेल्यावर का सुधारलं? मला दोन्ही हवेत, कढई आणि मुलं. एवढं मागणं फार आहे का? दिवसभर चिडचिड होते. गाऊनची बटणं लागेनाशी झाली, काहेता चाखून चाखून सुटले आहे.

१४ मार्च

अक्षर येईल तसं येवो.

सुईण पेत्रा काहेता घ्यायला आली होती. एवोदिओलाही माझ्या पोटातून तिनेच बाहेर काढलं होतं. मी तिच्याशी बोलत बोलत फुटक्या पेल्याची खापरी चघळत होते.

"काय खातेस?" तिने विचारलं.

"काही नाही गं, घसा कोरडा पडतो."

"आणि खापरी खाल्ली की ओला होतो?" ती जवळ आली. "पाळी कधी आली होती?"

"ती गेली माझी. नाताळच्या आधीच. सुटले मी."

पेत्राने न विचारता माझ्या पोटावर हात ठेवला, खरबूज निवडतात तसं पोट दाबून बघितलं आणि हसायला लागली. "सुटली नाहीस बाई, चांगली अडकलीस. ऑगस्ट संपता संपता बोलाव मला."

मी तिला वेडी म्हटलं. मग खाली बसले. मग उभी राहिले. वास, रडू, माती, बटणं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. अख्ख्या घरात मी पोटुशी बाई शोधत फिरले आणि तिला बरोबर घेऊनच फिरले! फीतही मीच बांधली, माझ्या हाताने, नाचत.

क्रिसोला सांगितलं तर तो बोकडाला परत आणायला गेला. म्हणाला, घरात आनंद आहे तर त्याने का वनवासात राहावं. निन्फाआत्या म्हणाली, "मी म्हटलंच होतं, कुणीतरी आहे." तिचं कधीच चुकत नाही.

मला लाज वाटते. घरात सून आणि सासूच्या वयात बाळंतपण. आणि आत कुठेतरी मला आनंद होतोय, इतका की ओरडावंसं वाटतं, त्याची तर जास्तच लाज वाटते. कारण इमेल्दाने मागितलं होतं आणि मिळालं मला. मी न मागता. त्या दिवशी देवळात मी तिच्यासाठी पदर पसरला होता तेव्हा हे माझ्या पोटात बसून ऐकत होतं.

१६ मार्च

साल्वातिएर्राला जाऊन आले. बसमध्ये दोनदा उलटी झाली.

इमेल्दा ओसरीत मक्याचे दाणे सोलत होती. मला बघून उठली, खुर्ची आणून ठेवली, पाठीला उशी दिली. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "कळलं का तुम्हाला?"

"तुला माहीत होतं?"

"कंदेलारियापासून. पेला चाटत होतात." ती पुन्हा दाणे सोलायला लागली. "आणि तीन आठवडे दूध चाखलं नव्हतंत. आंबूस दुधाला सोडा कमी पडत होता. मी दोनदा सांगायला आले, पण दुधाचं सांगितलं असतं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं."

"मग सांगायचं ना पोरी!"

"मी?" तिने पहिल्यांदा आवाज चढवला. "मी तुम्हाला सांगू, की अभिनंदन, तुम्हाला दिवस गेलेत? मला वाटलं, तुमचं तुम्हाला कळेल तोवर माझी मनाची तयारी होईल. रोज कढईपाशी उभी राहून तयारी करत होते. आणि तुम्ही फीत घेऊन आलात, मला मिठी मारलीत. त्या मिठीत मला कळत होतं की मूल कुणाच्या पोटात आहे."

खुर्चीवरून उतरून मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले आणि दाणे सोलायला लागले. मग म्हटलं, "चुकलं माझं. फार वाईट चुकलं. मला माफ कर."

"माफी नको," ती म्हणाली. "मला एक वचन द्या. 'तुझंही होईल' असं मला कुणी म्हणायचं नाही. आत्याने नाही, शेजारणीने नाही. तुम्ही तर नाहीच. कधीच."

"नाही म्हणणार."

"तुमच्याने होणार नाही."

"होणार नाही," मी म्हटलं, "पण करीन."

ती माझ्यासोबत आली नाही. मीही ये म्हटलं नाही. बसपर्यंत पोचवायला आली, बसमध्ये चढताना माझा दंड घट्ट धरला. तेवढंच.

२५ मार्च

इमेल्दाचा पत्ता नाही.

४ एप्रिल

एवोदिओने कपड्यांची पेटी बांधली. मी त्याला विचारलं नाही, कुठे, कधी. जीभ दातांखाली धरली. आत्याला आणि शेजारणीला मात्र बजावून ठेवलं आहे. आत्या म्हणते, "चार चांगले शब्द बोलायचे नाहीत, ही कसली रीत?" मी म्हटलं, "आत्याबाई, ते शब्द चांगले नसतात. मी बारा वर्षं ऐकलेत." त्यातले अर्धे तिनेच ऐकवले होते.

९ एप्रिल

सकाळी दार वाजलं. इमेल्दा, हातात गाठोडं. म्हणाली, "इस्टरला गिऱ्हाईक वाढतं. तुमचे खांदे राहणार नाहीत." आत जाऊन मीठ-लिंबाने कढई घासायला बसली. एवोदिओ पेटी उघडून शर्ट परत खुंटीला लावत होता, आणि क्रिसो त्याला मदत म्हणून सगळे उलटे लावत होता.

मी चुलीत लाकडं सारली. इमेल्दाने ती माझ्या हातून काढून घेतली.

१८ एप्रिल

आज दुपारी कढई अर्ध्यावर आली होती. इमेल्दा ढवळत होती, मी बाजूला डबे पुसत बसले होते. एकाएकी पोटात काहीतरी सरकलं. मासा वळतो तसं. चोवीस वर्षांनी पुन्हा तेच. माझा हात आपोआप तिथे गेला.

इमेल्दाने बघितलं. "हलतंय?"

मी मान हलवली.

ती माझ्याकडे सरकली. उजवा हात पळ्यावर चालूच, तो थांबवून चालत नाही. डावा हात तिने कमरेच्या फडक्याला पुसला आणि माझ्या पोटावर ठेवला. चिकट होता, गरम होता. बराच वेळ काही झालं नाही. मग झालं. तिचे डोळे भरून आले, पण तिने ते पुसले नाहीत, हातच मोकळा नव्हता.

आणि ते वाक्य माझ्या तोंडात आलं. प्रेमाने आलं, अगदी खरं मनापासून. माझे ओठ उघडलेसुद्धा. ती माझ्याकडे बघत राहिली, वाट बघत. मी तोंड मिटलं.

"गिळलंत ना?" ती म्हणाली.

"गिळलं."

ती हसली नाही. पण हात काढला नाही.